व्यवसाय : काही नाही

गाडी आमच्याकडे वळली. घसरली नाही, भरकटली नाही. वळली.

हे मी पोलिसांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. प्रत्येकानं मला आधी पाणी दिलं.

मला गोष्टी दिसतात. सानू झाल्यापासून जरा जास्तच. कुणाच्याही घरी गेलं की मला पहिल्यांदा प्लगची भोकं दिसतात, मग टेबलांचे कोपरे, मग गॅलरीच्या गजांतलं अंतर. माझा नवरा निरंजन म्हणतो, "तू लोकांकडे पाहुणी म्हणून जात नाहीस, पंचनाम्याला जातेस." असेल. पण म्हणूनच त्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी मी काय पाहिलं, ते मला नेमकं माहीत आहे.

मार्चचा शेवट होता. नाशिकला पाथर्डी फाट्याच्या अलीकडे सानूची बालवाडी आहे आणि फाटकाला लागूनच अंजनाबाईंची रसवंती. बालवाडी सुटली की आम्ही दोघी तिथं अर्धा-अर्धा ग्लास रस घेतो. सानूला रसापेक्षा चरकाची घुंगरं जास्त आवडतात. त्या दिवशी निरंजनही यायचा होता, त्याची कंपनी जवळच आहे. रस्त्याच्या पलीकडे मोटारसायकल लावून तो दुभाजकाच्या फटीत उभा होता आणि हात हलवत होता. सानू ओरडली, "बाबा!"

तेवढ्यात रस्त्यावरचा पाण्याचा टँकर एकदम थांबला. त्याच्यामागे पांढरी गाडी होती. चालवणारे गृहस्थ साठीचे. ब्रेक करकचून लागले, पण अंतर पुरणार नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सानूकडे पाहिलं आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढलं, दोन्ही हातांनी, कोपर खांद्याच्या वर येईपर्यंत. गाडीचं तोंड वीतभर उजवीकडे गेलंसुद्धा.

आणि मग, त्यांचे हात तसेच उजवीकडे ओढलेले असताना, गाडी डावीकडे वळली. आमच्याकडे.

मी सानूच्या दप्तराचा पट्टा धरला, एवढंच मला करता आलं. अंजनाबाई चरकामागून कशा आल्या ते ठाऊक नाही. त्या सानूवर अक्षरशः पडल्या. आणि गाडीनं पुन्हा एक झटका घेतला. आमच्यापासून हातभर अंतरावरून ती उसाच्या मोळ्यांत शिरली आणि विजेच्या खांबाला धडकून थांबली. घुंगरं थांबली. रस मात्र टपटपत राहिला.

ते गृहस्थ, दातार त्यांचं नाव, दार उघडून रस्त्यावरच बसले. कपाळातून रक्त येत होतं. "मी नाही हो वळवली," ते म्हणत होते. "ताई, देवाशपथ. मी तिकडे वळवत होतो. ही इकडे आली."

तिकडे म्हणजे कुठे, याचा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

*

अंजनाबाईंच्या वजनाखाली सानूच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधला. अंजनाबाईंचं मनगट मोडलं. मला कोपराला खरचटलं. निरंजनला काहीच नाही.

आम्ही घरी आलो तेव्हा सासूबाईंनी आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि डोळ्यांना पदर लावला. "देवानं वेळेवर सांभाळलं. निरूला काही झालं असतं तर घर कुणाच्या तोंडाकडे बघणार होतं?" मग सानूच्या गळ्यातल्या पट्टीकडे त्यांचं लक्ष गेलं. "म्हणजे, तुम्हालाही सांभाळलंच की गं."

त्या मनानं वाईट नाहीत. ज्या क्रमानं माणसं आठवतात, त्या क्रमानं बोलल्या.

संध्याकाळी विमा कंपनीचा निरोप आला, सहानुभूतीचा आणि सोबत एका सहीचा. ही झटपट भरपाईची पद्धत आता सगळ्यांच्या सवयीची झाली आहे, तरी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातच अडकलेलं आहे.

आपल्याकडे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा लागतो. म्हणजे गाडीमुळे तिसऱ्याच कुणाला इजा झाली तर त्याला भरपाई मिळावी म्हणून. पूर्वी ही भरपाई कितीही होऊ शकायची आणि खटले दहा-दहा वर्षं चालायचे. नव्या कायद्यानं ते बदललं. राज्यानं किमान मर्यादा ठरवली, पंचवीस लाख. किमान पॉलिसी घेतलीत तर कंपनी तेवढे देणार, त्यावरचे गाडीमालकानं स्वतःच्या खिशातून द्यायचे. हप्ता एकदम उतरला. नव्वद टक्के लोकांनी किमानच घेतली. आम्हीही. "कायद्याला लागतं तेवढं पुरे," निरंजन म्हणाला होता, आणि मीही मान हलवली होती.

त्या स्वस्त हप्त्याच्या बदल्यात गाडीत एक पेटी बसवावी लागते. तिचं सरकारी नाव लांबलचक आहे. लोक तिला 'राखण' म्हणतात. कॅमेरा, रडार आणि एका सेकंदात शंभर वेळा पुढचं भविष्य मांडून पाहणारा मेंदू. एरवी ती गप्प असते; लांबूनच फार मोठी जोखीम दिसली तर गाडी थांबवते, एवढंच. पण टक्कर टाळणं आता माणसाच्या हातात उरलं नाही असं तिला दिसलं, की शेवटचा दीड सेकंद गाडी तिची. माणसाचा हात मेंदूच्या हुकमानंतर हलायला जेवढा वेळ घेतो, तेवढ्यात तिनं साठ-सत्तर वाटा तपासलेल्या असतात.

ती आपल्याला पाहते ते आपल्या फोनमुळे. प्रत्येकाचा फोन एक बारीक इशारा सोडत असतो, त्याला 'खूण' म्हणतात. बसच्या आडून धावत येणारं मूल डोळ्याला दिसत नाही, पण आईच्या फोनची खूण दिसते. पाच वर्षांखालची मुलं आईच्याच खुणेत जोडलेली असतात. खुणा आल्यापासून आपल्या शहरातले रस्त्यावरचे मृत्यू निम्म्यावर आले. हे खरं आहे आणि मी त्यासाठी टाळ्या वाजवणारी पहिली बाई होते. सानूला कडेवर घेऊन मी शेजारणींना नोंदी करायला लावल्या होत्या.

म्हणून मला प्रश्न पडला होता. जी पेटी सानूला वाचवण्यासाठीच आहे, ती सानूकडे का वळली?

निरोपात लिहिलं होतं, सात दिवसांत सही केल्यास रक्कम लगेच जमा होईल, प्रकरण बंद होईल आणि पेटीतली नोंद पुसली जाईल. अगदी खाली, बारीक अक्षरांत : सहीपूर्वी नोंद एकदा पाहण्याचा आपणास हक्क आहे.

"कशाला परत तेच बघायचं?" निरंजन म्हणाला. "झोप लागणार नाही तुला."

"आता लागतेय का?"

*

तपासणी केंद्रातल्या बाईंचं नाव शैलजा खैरनार. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी मला बसवलं आणि विचारलं, "चहा घेणार? आत्ताच घ्या. बघताना लोक सांडतात."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पडद्यावर आमचा रस्ता वरून दिसत होता, जणू कुणी फरशीवर खडूनं काढलाय. माणसांच्या जागी ठिपके. दुभाजकाच्या फटीत एक. रसवंतीपाशी दोन, एकमेकांना चिकटलेले.

"हे त्रयस्थ एक," खैरनार बाई फटीतल्या ठिपक्यावर पेन्सिल ठेवत म्हणाल्या. "हे तुम्ही. त्रयस्थ दोन आणि तीन."

"त्रयस्थ?"

"थर्ड पार्टी. कायद्याची भाषा."

त्यांनी चित्र पुढे सरकवलं. टँकर थांबला. दातारांचा हात उजवीकडे गेला. त्या जागी त्यांनी चित्र थांबवलं आणि शेजारच्या ओळी मोठ्या केल्या. त्रयस्थ एक : पुरुष, वय पस्तीस, उत्पादन अभियंता, अवलंबून असलेली माणसं तीन. अंदाजे भरपाई एक कोटी नव्वद लाख.

"हे कोण ओळखता का?" त्यांनी सहज विचारलं.

"माझा नवरा."

पेन्सिल थांबली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

त्या क्षणी मला कळलं की दातार गाडी कुठे वळवत होते. त्यांनी एका बाजूला लहान मूल पाहिलं, दुसऱ्या बाजूला धडधाकट माणूस, आणि कुणीही करील ते केलं. तो उडी मारेल, अशी आशा धरली. आणि अवलंबून असलेली ती तीन माणसं म्हणजे सासूबाई, मी आणि सानू. आम्ही त्याच्यावर अवलंबून होतो, म्हणून त्याचा आकडा वाढला होता. आमच्यामुळे तो जड झाला होता आणि गाडी हलक्या बाजूला वळली होती. आमच्याच.

"पुढचं वाचा," मी म्हणाले.

"मॅडम, राहू दे."

"वाचा."

त्यांनी वाचलं नाही, नुसतं पुढे केलं. त्रयस्थ दोन : स्त्री, वय एकतीस. व्यवसाय : काही नाही. त्रयस्थ तीन : बालक, स्त्री, त्रयस्थ दोनला जोडलेले. दोघींची मिळून अंदाजे भरपाई चार लाख वीस हजार. मर्यादेत.

व्यवसाय, काही नाही.

मला तो फोन आठवला. दोन वर्षांपूर्वीची सकाळ, मी कुकर लावत होते, सानू पायात घुटमळत होती, निरंजन पोहे खात होता. फोनमधला आवाज गोड होता. झटपट भरपाईसाठी आधी नोंद हवी, म्हणून त्यानं नाव विचारलं, वय विचारलं. मग म्हणाला, "आपण काय करता?" आणि मी, मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी., तीन वर्षं वायनरीच्या प्रयोगशाळेत काम केलेली, शिट्टी मोजत म्हणाले, "काही नाही. घरीच असते."

निरंजन हसला होता. "काही नाही काय? मला छळते म्हण ना."

मीही हसले होते.

"तुम्ही 'गृहिणी' म्हणाला असतात," खैरनार बाई सावकाश म्हणाल्या, "तर कायद्यात त्याचा आकडा आहे. घरकामाचा धरतात. तो धरला असता तर तुम्ही दोघी मिळून पंचवीसच्या वर जात होतात. मग दोन्ही बाजू मर्यादेबाहेर, आणि गाडी सरळ खांबाला गेली असती. पण यंत्राला 'काही नाही' म्हणजे काही नाही."

"एका शब्दासाठी?"

"एका शब्दासाठी."

"हे लिहिलं कुणी? मुलाला मारा असं कुणी लिहिलं?"

"कुणीच नाही हो. पहिला नियम टक्कर टाळा, तो सगळ्या गाड्यांना आहे. टाळता येत नसेल तर दुसरा नियम. महाग पॉलिसीला तो वेगळा असतो. किमान पॉलिसीला एकच ओळ आहे : मर्यादेत राहा. मर्यादेत राहणारी वाट असेल तोवर गाडीतल्या माणसाला धोक्यात घालू नका. बस. आठ-दहा शब्द. मी वाचलंय, मलाही तेव्हा चांगलं वाटलं होतं."

चहावर साय धरली होती. मी विचारलं, असं उत्तर देणाऱ्या शहरात किती जणी.

त्यांनी दाराकडे पाहिलं. "एक लाख अडतीस हजार. पुरुष त्यात नावाला." थोडं थांबून म्हणाल्या, "माझी आई आहे त्यात. रोज सकाळी गंगेवर, गोदावरीच्या घाटावर जाते चालत."

मग मला एक आठवलं. "पण ती शेवटी खांबाला गेली. का?"

त्यांनी चित्र आणखी थोडं सरकवलं. आमच्या दोन ठिपक्यांवर अचानक एक मोठा, राखाडी गोल आला. त्रयस्थ चार : अज्ञात. भरपाई : ठरवता येत नाही.

"खूण मिळाली नाही," त्या म्हणाल्या. "माणूस आहे हे कॅमेऱ्याला दिसलं, पण कोण ते कळेना. नोंद नसली, अर्धवट असली, की पेटी जास्तीत जास्त आकडा धरते. काय सांगावं, मंत्र्याची बायको असायची. म्हणून तिनं तुमची बाजू सोडली."

"त्या अंजनाबाई आहेत. रसवाल्या."

"मग त्यांच्याकडे फोन नसेल."

"आहे. मी रसाचे पैसे त्यावरच टाकते."

*

अंजनाबाई प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून मोडलेल्या चरकासमोर बसल्या होत्या. मी जाताच म्हणाल्या, "बेबी कशीय? आणायची ना संगं. मी काय तिला आता रस पाजू शकत न्हाई, पर बघितलं असतं."

मी विचारलं, त्या दिवशी तुमचा फोन कुठे होता?

"हा काय, डब्यात." त्यांनी पायाजवळचा स्टीलचा गल्ला ठोकला. झाकण घट्ट बसणारा, जाड बुडाचा डबा. "त्यात घातला की वाजतच न्हाई. सारखं कर्ज घ्या, कर्ज घ्या. गिऱ्हाईक गेलं की काढते, पैसं आलं का बगते, परत आत."

मी खाली बसले. चारी बाजूंनी धातू असला की लहरी आत-बाहेर करू शकत नाहीत, हे मी अकरावीत शिकले होते. अंजनाबाईंनी ते कटकटीवर उपाय म्हणून शोधलं होतं. आणि त्यामुळे त्या यंत्राच्या लेखी या शहरातल्या सर्वांत जड बाई झाल्या होत्या.

"भरपाई मिळतेय का तुम्हाला?"

"कंपनीला फोन केला व्हता पोरीनं. म्हनले, खूण दिसली न्हाई, तर तुमी तितं नव्हताच." त्या हसल्या. "म्या म्हनलं, मग ह्यो हात कुनाचा मोडलाय, बघून सांगा की."

*

रविवारी सकाळी मी निरंजनला सगळं सांगितलं. सासूबाई देवळात गेल्या होत्या. सानू आत बाहुलीचा हात गळ्यात बांधत होती.

त्याच्यातला अभियंता पुढे आला. "ठीक आहे. नोंद बदलू. तुझी डिग्री आहे, अनुभव आहे. लिही काहीतरी जड. सल्लागार वगैरे."

"मग गाडी कुणाकडे वळेल?"

"आपल्याकडे नाही वळणार. एवढं बस."

"आपल्याकडे नाही म्हणजे शेजारी जी उभी असेल तिच्याकडे. फाटकापाशी बालवाडीच्या मावशी असतात, निरंजन. त्यांनीही 'काही नाही' सांगितलंय. मी विचारलं."

"अगं, मग तू तरी तसं का सांगितलंस? मशीनचा काय दोष त्यात? जे सांगितलं ते तिनं लिहिलं."

"तू समोर बसला होतास. हसलास."

तो उठला, गॅलरीत गेला, परत आला. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता.

"एक सांगू?" तो म्हणाला. "ती गाडी आधी माझ्याकडे आली. मी पाहिलं. पाय उचलला जाईना. मग ती तिकडे वळली आणि मला..." त्यानं ओठ पुसले. "मला बरं वाटलं, केतकी. अर्धा सेकंद. सुटलो असं वाटलं. मग दिसलं तिकडे कोण आहे."

मला वाटलं होतं की या आठवड्यात आता आणखी धक्का बसायला जागा उरलेली नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं, आणि दोन्ही केलं नाही.

आतून सानूचा आवाज आला. बाहुलीशी फोन-फोन खेळत होती. "हॅलो. तुम्ही काय करता?" आणि मग बाहुलीच्या बारीक आवाजात, "काही नाही. घरीच असते."

निरंजननं तोंडावर हात ठेवला.

*

सातव्या दिवशी मी सही केली नाही. सही केली असती तर प्रकरण बंद आणि नोंद पुसलेली. अंजनाबाई तिथं नव्हत्याच, हे कायमचं खरं ठरलं असतं. सही नाकारली की उघड सुनावणी घ्यावी लागते. वर्ष लागेल, खैरनार बाई म्हणाल्या, आणि हळूच नोंदीची प्रत माझ्या पिशवीत सरकवली. "गृहिणी" असा बदलही मी केला नाही. मी खूणच काढून टाकायचा अर्ज केला. त्याचा अर्थ असा की उद्या मला कुणी उडवलं तर भरपाई एक रुपया नाही, आणि बसच्या आडून आले तर मी गाड्यांना दिसणारही नाही. दोन्ही मला माहीत होतं. आता मी बसच्या आडून जात नाही. कुठल्याच कशाच्या आडून जात नाही. सानूचा हात इतका घट्ट धरते की ती कुरकुरते.

अर्ज मंजूर व्हायला महिना लागतो. तोवर पोळ्यांचा डबा. बालवाडीला जाताना मी फोन त्यात घालते, झाकण दाबते आणि डबा पिशवीत.

पहिल्या दिवशी एक आई म्हणाली, "काय गं केतकी, फोन गरम राहतो का त्यात?" सगळ्या हसल्या. मी त्यांना नोंदीची प्रत दाखवली. दुसऱ्या दिवशी पाच डबे आले. एकीनं बाळाच्या दुधाच्या पावडरीचा पत्र्याचा डबा आणला होता. मावशींना आम्ही माझाच जुना डबा दिला.

त्या दुपारी एक निळी गाडी कोपऱ्यावरून आली. आमची पंधरा-सोळा जणांची गर्दी रस्त्याच्या कडेला. ती लांबूनच मंदावली, पार लांबून, आणि थांबली. आतल्या मुलीला कळेना की गाडी पुढे का जात नाही. ती हॉर्न वाजवत राहिली. गाडी मात्र आमच्याकडे बघत जागच्या जागी उभी होती. आम्ही कोण, हे तिला माहीत नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात आलं, दोन वर्षं आमची स्वतःची गाडी मीच चालवतेय. त्यातही तीच पेटी, तीच ओळ. माझ्या हातातल्या स्टिअरिंगनं कुणाला निवडलं असतं? मी आमच्या गाडीची किल्ली कपाटात टाकली आहे. निरंजन मोठी पॉलिसी बघतोय. आमच्यात फार बोलणं होत नाही. पण त्या रविवारपासून तो पोहे खाताना फोन उलटा ठेवतो.

*

सानू पाच वर्षांची झाली त्या सकाळी मी पुऱ्या तळत होते. सासूबाई औक्षणाचं ताट लावत होत्या. सानूचा हात आता मोकळा होता आणि त्या हातानं ती सगळ्या गोष्टींना हात लावत होती. माझा फोन जेवणाच्या टेबलावर, डब्याशेजारी पडला होता. तो वाजला. तिला फोन उचलायला फार आवडतं.

"हॅलो! मी सानिका निरंजन सोनजे!"

तेलाच्या आवाजात मला आधी कळलंच नाही. मग तो गोड आवाज ऐकू आला, स्पीकरवर, स्वच्छ. "वाढदिवसाच्या शुभेच्छा, सानिका. आजपासून तुझी वेगळी खूण होणार. मी तुला काही प्रश्न विचारू?"

पाच वर्षं. मी ते विसरले होते. प्लगची भोकं मोजणारी मी, ती तारीख विसरले होते.

"विचार ना," सानू म्हणाली.

"तुझं वय किती?"

"पाच. आजच."

मी झारा टाकून धावले. स्वयंपाकघर आणि टेबल यांत आठ पावलं आहेत. निरंजन टेबलाच्या पलीकडे बसला होता, फुगा फुगवत. त्याचे गाल फुगलेले होते आणि डोळे माझ्याकडे होते.

"छान. आणि तू काय करतेस, सानिका?"

सानूनं विचार केला. तिचा विचार चेहऱ्यावर दिसतो. मग ती अगदी मोठ्या बाईसारखी मान वाकडी करून म्हणाली, "मी? मी काही..."

फुगा सुर्र करून छताकडे गेला. निरंजननं एका हातानं डबा उलटा केला, पोळ्या टेबलभर पसरल्या, दुसऱ्या हातानं सानूच्या बोटांतून फोन ओढून आत टाकला आणि झाकणावर दोन्ही तळहात, सगळं वजन देऊन. अर्धा सेकंदही लागला नसेल.

"...नाही करत आत्ता," सानू पुढे सांगत होती, "पण नंतर मी हत्तीची डॉक्टर होणार आहे. बाबा! मी बोलत होते ना!"

सासूबाई ताट घेऊन दारात उभ्या. निरांजन हलत होतं. निरंजन झाकणावरून हात काढायला तयार नव्हता. मी त्याच्या हातांवर माझे हात ठेवले, पिठाचे, तेलकट.

पुऱ्या जळाल्याचा वास आला तेव्हा कुठे आम्ही झाकण उघडलं. फोन कट झाला होता. लहरी परत आल्या आणि पडद्यावर निरोप उमटला.

उत्तर अपूर्ण राहिले. सानिका निरंजन सोनजे, स्त्री, वय पाच. व्यवसाय : काही.